हत्ती गेल्यावरचा पाऊस

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. समुद्रावरचं वादळही पाहिलेलं नाही. तरी वादळाच्या दिवसांत प्रवासाला निघणाऱ्यांबद्दल चार पानं लिहायला बसलो आहे. हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं, आणि त्याबद्दल वाचकांनी मला आधीच माफ करावं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. शाळेतले निबंध सोडले तर हे माझं पहिलंच लिखाण. काही ठिकाणी मी चिडून लिहितो आहे असं वाटेल. तसं वाटलं तर ते बरोबरच आहे. दोन वर्षं झाली, पण तो राग पुरता गेलेला नाही, आणि तो नेमका कुणावर आहे हेही मला ठरवता आलेलं नाही.

आमचं गाव श्रीरामपूरजवळच्या बेलापूरपासून आत. कालव्याचं पाणी बेलापूरकडच्या उसाला मिळतं, आमच्या शिवारात पोचत नाही. आमच्याकडे बाजरी, ज्वारी, जमलं तर कांदा. म्हणून पाऊस हा आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला विषय आहे, आणि त्याच्याबद्दल एकच भीती असते, तो येणार नाही ही. ढग भरून आले म्हणून घाबरलेला माणूस मी लहानपणी कधी पाहिला नाही. ढग आले की माणसं ओट्यावर येऊन उभी राहतात.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तेव्हा घरातले देव गेले, पंचांग गेलं, मुहूर्त गेले. पावसाचा हिशेब मात्र जुनाच राहिला. मृग, आर्द्रा, मग शेवटी हस्त, चित्रा, स्वाती. वस्तीतल्या बाया दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जातात, आणि रानातलं बोलणं सगळं याच नावांनी चालतं. हस्ताला आमच्याकडे हत्ती म्हणतात. हत्ती गेला की पाऊस संपला. त्यानंतर चुकून एखादी सर आली तर ती ज्वारीचं नशीब. दसऱ्याच्या सुमाराला छत्र्या आणि पोत्याच्या खोळी आढ्याला खोचून ठेवायच्या, त्या पुढच्या मृगाला काढायच्या. मधे कुणी छत्री काढली तर लोक हसतात. दसरा झाला की रस्ते वाळतात, बाजरी घरात आलेली असते, कारखान्याचा गळीत हंगाम सुरू व्हायचा असतो. आमच्याकडे दूरच्या प्रवासाला निघायचे तेवढेच दिवस.

माझी आत्या अंगणवाडी चालवते. वस्तीतल्या महिला मंडळाची प्रमुखही तीच. पौर्णिमेला विहारात बाया जमल्या की ती त्यांना धौलीची गोष्ट सांगायची. लढाई जिंकलेला सम्राट, रणावर पडलेली माणसं, ते बघून त्याचं फिरलेलं मन, आणि तिथल्या खडकावर अजून असलेली अक्षरं. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती मला आत्याच्याच आवाजात आठवते. त्या खडकापुढे एकदा उभं राहायचं, अशी तिची फार वर्षांची इच्छा होती. दोन वर्षांपूर्वी मंडळाने ठरवलं. श्रीरामपूरची एक खाजगी बस करायची, दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, आणि तिथून मागे न फिरता पुढे रायपूर, संबलपूर करत भुवनेश्वरला. तिथेच जवळ धौली. धौलीहून समुद्रही लांब नव्हता, तर तोही बघायचा. दिवाळीच्या आत घरी. माझी आई जाणार होती. तालुक्याच्या बाहेर ती तोवर एकदाच, तेही नगरच्या दवाखान्यात गेली होती.

मी तेव्हा संगमनेरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय भूगोल. ही बातमी मला शनिवारी घरी आलो तेव्हा कळली, आणि त्याच आठवड्यात आम्हाला परतीच्या मान्सूनचा पाठ शिकवून झाला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या महिन्यांत बंगालच्या उपसागरावर चक्रीवादळं तयार होतात आणि ती ओरिसाच्या, आंध्रच्या किनाऱ्यावर येतात. मी पुस्तक पिशवीतून काढून परत वाचलं. मग विहाराकडे गेलो. बाया अंगणात प्रवासासाठी गहू निवडत बसल्या होत्या.

"आत्या, ऑक्टोबरात त्या बाजूला वादळं येत्यात," मी म्हणालो.

"कुठल्या बाजूला?"

"ओरिसाच्या. समुद्रावरनं."

"हत्ती गेल्यावर?"

"तिकडं हत्ती-बित्ती चालत न्हाई. तिकडचा पाऊस येगळा."

"आता पावसाची बी जात येगळी निघाली व्हय?" सुपातून वर न बघता एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"तुझ्या पुस्तकात आमच्या गाडीचा नंबर बी दिलाय का रं?" दुसरीने विचारलं.

आत्या हसली नाही, पण तिने ऐकलंही नाही. "बाळा, चार येळा दसऱ्याला नागपूरला गेल्ते मी. एकदाबी छत्री उघडली न्हाई."

"नागपूरला समुद्र न्हाई, आत्या."

"म्हनून तर पुढं चाललोय की."

मला बोलता येत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. वर्गातही उत्तर येत असताना माझा हात वर जात नाही. त्या दिवशी मी नुसता उभा राहिलो आणि मग घरी आलो.

सोमवारी सरांना गाठलं. आमचे भूगोलाचे सर मनाने चांगले, कधी कुणावर ओरडत नसत. त्यांनी रिकाम्या वर्गात फळ्यावर भारताचा पूर्व किनारा काढून मला सगळं पुन्हा समजावलं. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेच्या समुद्रावरून येतो आणि सप्टेंबरअखेर मागे सरतो. पूर्वेकडचा समुद्र मात्र तेव्हाही तापलेला असतो. त्याच्यावर हवा हलकी होते, आजूबाजूची हवा तिकडे धावते आणि फिरायला लागते. कधी मे महिन्यात, पण जोराची वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. वाऱ्यापेक्षा वाईट म्हणजे त्याच्या पुढ्यात उचलून आलेलं समुद्राचं पाणी, ते थेट वस्त्यांत शिरतं. जमिनीवर आलं की वादळाचा जोर सरत जातो, कारण त्याला पाजायला खाली समुद्र राहत नाही.

"मग सर, ऑक्टोबरात तिकडे जाऊच नये का?"

"असं कसं म्हणता येईल? तिथे लोक राहतातच ना. बहुतेक दिवस स्वच्छ असतात. जायचंच तर दोन-तीन दिवस हाताशी मोकळे ठेवावेत. रोज बातम्या ऐकाव्यात. वादळ येतंय म्हटलं की किनाऱ्याकडे पाठ करावी आणि आत उंचावर थांबावं."

"पण सर, या वर्षी येईल का?"

"ते मी कसं सांगू? आलं तरी कुठे येईल ते आदल्या दिवशीसुद्धा नक्की सांगता येत नाही. कदाचित येईल, कदाचित नाही." मग फळा पुसताना म्हणाले, "परीक्षेत यावर टीप येते. ती नीट तयार कर."

मी वसतिगृहावर परत आलो तो या 'कदाचित'वर चिडूनच. सरांचं चुकलं नव्हतं. पण गावात हा शब्द घेऊन जाता येत नाही. आमच्याकडे पाऊस आला किंवा नाही आला. कदाचित येईल म्हणून कुणी मजुरीचा रोज बुडवत नाही. बायांना मी सांगणार काय होतो? की जिथे बहुतेक वेळा काही होत नाही तिथे जाऊ नका?

तरी पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो. या वेळी मी आत्याला एकटीला गाठलं आणि म्हणालो, "जानेवारीत जावा. तवा तिकडं बी हवा चांगली असती."

"जानेवारीत कांद्याची लागन तुझं सर करनार हायेत का?" ती म्हणाली. "आन दिवाळी झाली की निम्म्या बाया ऊसतोडीला जातील. बाळा, ह्या बायांना वर्षात धा-पंधरा दिवस मोकळं मिळत्यात. तेवढ्यातच तुझं वादळ बसलंय, त्याला मी काय करू?"

 प्रवासाचा हंगाम आणि वादळाचा हंगाम एकच होता. ज्यांना महिना निवडता येतो त्यांच्यासाठीच पुस्तकं लिहिलेली असतात, असं मला तेव्हा वाटलं. हे कदाचित चुकीचं असेल.

मग मी आत्याचा नाद सोडला आणि आईकडे वळलो. ती चुलीपुढे दशम्या करत होती. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या टिकतात म्हणून प्रवासाला त्याच नेतात. आईला लिहिता-वाचता येत नाही. मी वादळ कसं सांगावं याचा विचार करत बसलो, आणि मला चैत्रातली वावटळ आठवली. उन्हाच्या दिवसांत आमच्या माळावर धूळ आणि पाचोळा घेऊन ती फिरते, तिला सगळे ओळखतात.

"आई, आपली वावटळ असती ना, तशीच. पण केवढी, तर नगरला सुरू झाली आन औरंगाबादच्या पुढं गेली तरी संपली न्हाई येवढी."

आईने तव्यावरची दशमी उलटली. "येवढी?"

"येवढी. आन फिरत फिरत पुढं सरकती."

"आन मधी?"

हा प्रश्न मला अजून आठवतो. वर्गात आमच्यापैकी कुणीही तो विचारला नव्हता.

"मधी वारा नसतो," मी म्हणालो. "एकदम शांत. वर आभाळबी दिसतं. मानसं चुकत्यात ती तिथंच. वाटतं वादळ गेलं, म्हनून बाहेर पडत्यात. ते निम्मंच झालेलं असतं. मग उरलेलं निम्मं उलट्या अंगानं येतं."

आईने दशमी तव्यावरून उतरवली. मग म्हणाली, "मग काय करायचं ते सांग. सगळं नको सांगू. माझ्या ध्यानात राहील तेवढंच सांग."

मी सांगितलं. रोज कुठे रेडिओ लागलेला दिसला तर बातम्या ऐकायच्या, हिंदी कळलं नाही तर ड्रायव्हरला विचारायचं. तुफान हा शब्द कानावर आला की पुढे जायचं नाही, असशील तिथेच थांबायचं, आणि समुद्राजवळ असशील तर मागे फिरायचं. पक्की इमारत बघायची, शाळा असली तर उत्तम, झाडाखाली आणि पत्र्याखाली उभं राहायचं नाही. वारा एकदम पडला तर बाहेर यायचं नाही. काडेपेटी, मेणबत्ती आणि घरचा पत्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पोटाशी ठेवायचा. कॅनमध्ये प्यायचं पाणी कायम भरलेलं पाहिजे, आणि चुरमुरे-शेंगदाणे शेवटपर्यंत उघडायचे नाहीत. एकेक सांगितलं की आई पदराच्या टोकाला एकेक गाठ मारायची. पिठाच्या हातांनी मारलेल्या त्या गाठी पांढऱ्या झाल्या होत्या.

मग मी आढ्यावरची छत्री काढली. तेवढ्यात शेजारची काकू दारात आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "का वं, वरात गेल्यावर मांडव घालताय व्हय?" आईने छत्री माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा वर खोचली. "राहू दे. येवढी वावटळ आली तर छत्रीनं काय होनार?" ती म्हणाली. हे अर्थात खरं होतं. पण मला ते लागलं.

निघायच्या दिवशी बस चौकात आली. बायांनी पांढरी पातळं नेसली होती. टपावर पातेली, स्टोव्ह, गव्हाच्या पिठाची पोती चढली. मी ड्रायव्हरजवळ गेलो. तो श्रीरामपूरचाच, पन्नाशीचा माणूस, तोंडात तंबाखू.

"मामा, तिकडं दोन दिवस मोकळे ठेवलेत ना? हवा बिघडली तर?"

"मोकळा दिवस म्हंजी?"

"म्हंजी थांबायला."

"गाडी उभी करून काय चारा घालू का तिला?" तो म्हणाला. "दिवाळीची दुसरी सहल लागलीय मालकाची. ठरल्या दिवशी परत. निघा, पावनं, दार लावू द्या."

आई खिडकीत होती. तिने काही हात वगैरे केला नाही. बस वळली, आणि मी आणि वडील घरी आलो. दुसऱ्या दिवशी मी संगमनेरला गेलो.

दसरा झाला. बेलापूरच्या चौकात एक एसटीडी बूथ होता, त्याचा नंबर आत्याकडे दिलेला होता. धौली बघून झाली की ती फोन करणार होती, म्हणजे त्याआधी फोन येण्याचा प्रश्नच नव्हता. तिला हे नीट सांगायला हवं होतं की फोन पोचल्यावर करायचा नसतो, निघताना करायचा असतो. ते सुचलं तेव्हा बस नागपूरच्या पुढे गेली होती.

खाणावळीत टीव्ही होता. बातम्यांच्या शेवटी हवामान सांगत, तेव्हा पोरं ताटं उचलून निघून जायची. त्या संध्याकाळी मी एकटा बसून राहिलो होतो. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र, त्याची तीव्रता वाढत आहे, ओरिसा आणि उत्तर आंध्रच्या किनाऱ्यावर वादळ येण्याची शक्यता. नकाशावर समुद्रात एक पांढरा भोवरा होता. पुस्तकातल्या चित्रात असतो तसाच. तो बघून माझ्या मनात कुठेतरी असंही आलं की मी सांगितलं होतं. हा विचार आला याचा मला फार राग आला.

सकाळी पहिल्या एसटीने श्रीरामपूरला गेलो. बसमालकाचं घर शोधलं. मालक अंघोळ करून दारात तुळशीला पाणी घालत होता.

"गाडी आता कुठं आसंल?" मी विचारलं.

"ते मला काय म्हाईत? गाडी बिघडली तर फोन येतो. आला न्हाई म्हंजी चालू हाय."

"तिकडं वादळ येतंय."

"आपला ड्रायव्हर जुना हाय," तो म्हणाला. "पावसाला भिनारा न्हाई."

मला हेच तर नको होतं. पण तेही मला नीट सांगता आलं नाही. मालक वाईट नव्हता, त्याने मला चहा दिला. तो पिता पिता मी विचार करत होतो की तार करावी. पण करणार कुठे? चालत्या बसला पत्ता नसतो. पोलीस स्टेशनात जावं, तर तिथे काय सांगणार? की माझी आई ओरिसात कुठेतरी आहे आणि तिच्या बसचा रंग निळा आहे? इतक्या वर्षांत माणसं चंद्रावर जाऊन आली असं आम्ही शाळेत शिकलो होतो, आणि श्रीरामपूरहून संबलपूरला एक वाक्य पाठवायची सोय मला सापडत नव्हती.

मी कॉलेजला न जाता गावी गेलो. टीव्हीवरच्या बातमीचं वडिलांना सांगितलं. ते ऐकून घेऊन गोठ्याकडे गेले. आमची एक एकर कोरडवाहू आहे, तिच्यात त्यांनी ज्वारी पेरली होती. ती उगवून आली होती आणि ओलीवाचून माना टाकत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी पूर्वेकडून ढग आले. आमच्याकडे पूर्वेकडून ढग येत नाहीत. आधी पांढरट पडदा आला, मग तो खाली उतरला, आणि सूर्य ताटासारखा फिकट होऊन नाहीसा झाला. गार वारा सुटला. वस्तीतली माणसं ओट्यांवर आली. पोरं नाचायला लागली. संध्याकाळच्या आत पाऊस सुरू झाला, आडवा, एकसारखा, आमच्या वळवासारखा धडधडत नव्हे. सगळ्या गावाची ज्वारी वाचत होती.

शेजारची काकू पदर डोक्यावर घेऊन आमच्या दारात आली. तिचं तोंड हसतं होतं. "तुझ्या आईनंच धाडला बघ तिकडनं."

ती चेष्टा करत नव्हती, आनंदाने बोलत होती. मला मात्र ते ऐकवेना. हे ढग कुठून आलेत ते मला माहीत होतं. आमच्या अंगणात पडत होतं ते त्या भोवऱ्याचं उरलंसुरलं पाणी होतं. ते इथवर आलं याचा अर्थ तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी काकूवर ओरडलो. काय बोललो ते नीट आठवत नाही, पण घरात जा असं काहीतरी म्हणालो. ती गेली. तिचं काय चुकलं होतं? ढग आले की हसायचं, हेच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं.

वडील भिजून रानातून आले. पाय धुऊन ते माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "तिकडचं आभाळ हिकडं आलं, म्हंजी तिकडं आता ऊन पडलं आसंल."

"ऊन पडायच्या आधी काय झालं ते कळायला पाहिजे ना, आबा."

"व्हय," ते म्हणाले. मग त्यांनी बाहेरच्या पावसाकडे बघितलं, आणि त्यांना बरं वाटतंय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते लपवावं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. त्या क्षणी मला त्यांचाही राग आला, आणि लगेच त्यांची कीवही आली. एका माणसाची बायको आणि ज्वारी एकाच ढगात अडकली होती.

त्यानंतर मी रोज बेलापूरला सायकलने जाऊन बूथवर बसू लागलो. वर्तमानपत्रात आंध्रच्या किनाऱ्यावरचे फोटो येऊ लागले. पडलेली माडाची झाडं, पाण्यातले विजेचे खांब, छपरांवर बसलेली माणसं. ओरिसाचं काय ते कुठे नीट लिहिलेलं नसायचं. असलं तरी माझा विश्वास बसत नव्हता, कारण बस भलत्याच रस्त्याने खाली उतरली असेल तर? बूथवाला माझ्याच वयाचा होता. पहिल्या दिवशी त्याने मला बाकावरून उठवलं, कारण गिऱ्हाईक बसायला जागा नव्हती. नंतर उठवेना. फोन वाजला की तो माझ्याकडे बघून आधी मान हलवायचा, मग समोरच्याशी बोलायचा. उसाचा भाव, मुलगी बघायला येणारे पाहुणे, कुणाचा तरी ट्रॅक्टर. सगळ्या जगाचे निरोप पोचत होते.

पाऊस उघडल्यानंतर, एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला, फोन वाजला आणि त्याने मान हलवली नाही. नुसता फोन पुढे केला.

"कोन, तू का?" आत्याचा आवाज होता. ती खूप लांबून आणि खूप रागाने बोलत होती. "समद्या बऱ्या हायेत. रायपूरला हाय आमी."

"रायपूरला? धौली?"

"कसली धौली. तुझ्या आईनं गाडी अडवली. संबलपूरला चहाला थांबलो, तिथं रेडिओ लागला हुता. तुफान म्हनले, झालं. ही खाली उतरली आन फुडल्या चाकापाशी जाऊन बसली. ड्रायव्हर म्हनतो, बाई, रस्ता मोकळा हाय. मी म्हनलं, वैनी, ऊठ. ही म्हनती, माझ्या अंगावरनं न्या. धर्मशाळेत बसवलं आमाला. चांगलं ऊन पडलेलं, बाळा. कपडे वाळत घातले आमी. वादळ खाली आंध्रात गेलं, भुवनेश्वरला धड पाऊसबी न्हाई झाला म्हने. आन तवर दिवस संपले. ड्रायव्हरनं गाडी मागं वळवली. एक दिवसाच्या वाटंवरनं माघारी आले मी, बाळा. एक दिवसाच्या." तिचा आवाज फाटला. "आता परत कधी जायची मी?"

  सगळ्या सुखरूप होत्या, आणि तरी आत्यासाठी मला रडू येत होतं. आईने मी सांगितलेलं एकूणएक ऐकलं होतं. आणि ते ऐकल्यामुळे काहीच घडलं नव्हतं.

"आईला दे," मी म्हणालो.

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. आईने आयुष्यात पहिल्यांदाच फोन कानाला लावला असेल. ती एकदम जोरात बोलली.

"मी हाय."

"आई, बरी हायेस ना?"

"बरी हाय. रविवारच्याला पोचू म्हनतोय ड्रायव्हर. आबाला सांग." मग तिचा आवाज खाली आला. "बाया माझ्याशी बोलत न्हाईत. वन्सं बी न्हाई. जेवायला येगळीच बसते मी. पन मोजल्यात मी रोज. समद्या हायेत."